झाड वाचवायचे तर निविदेच्या आधी

शहरातले एखादे झाड तोडायचे ठरले की त्याच्या बुंध्यावर महापालिकेच्या उद्यान विभागाची नोटीस लागते. पाऊस लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घातलेला, सुतळीने बांधलेला एक कागद. त्यावर अर्जाचा क्रमांक, झाडाची जात, खोडाचा घेर, तोडायचे की पुनर्रोपण करायचे हे, हरकतीची मुदत आणि कारण. कारणाच्या रकान्यात रस्तारुंदी, पूल, पुनर्विकास, पर्जन्यजलवाहिनी यांपैकी काहीतरी असते. हे झाड न तोडता काम होईल का, हे कुणी तपासले, कधी तपासले आणि काय आढळले, याची एक ओळही मी वाचलेल्या नोटिशींवर मला दिसलेली नाही. शहरातील झाडांचे कायदेशीर संरक्षण कुठे कमी पडते, याचे उत्तर त्या नसलेल्या ओळीत आहे असे माझे मत आहे.

महाराष्ट्रात यासाठी १९७५चा कायदा आहे: महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. त्याला पन्नास वर्षे होऊन गेली. कागदावर हा कायदा कमकुवत नाही. त्यात झाड तोडण्याची व्याख्या विस्तृत आहे. झाड जाळणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही तोडण्यातच मोडते. झाड आपल्या मालकीच्या जागेतले असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. प्रत्येक नागरी क्षेत्रासाठी वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी असतो. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते. तोडण्याआधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, झाडावर नोटीस लावावी लागते, लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. शिक्षेत दंडाबरोबर तुरुंगवासही आहे. २०२१च्या दुरुस्तीने दंडाची मर्यादा प्रत्येक झाडामागे एक लाख रुपयांपर्यंत नेली आणि पन्नास वर्षे व त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज वृक्ष’ म्हणून वेगळा दर्जा दिला.

इतके सगळे असूनही झाडे जातात, आणि चोरून तोडलेल्या झाडांपेक्षा रीतसर परवानगीने गेलेल्या झाडांचा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. चोरून तोडणाऱ्याला निदान कायद्याची भीती असते. परवानगीने तोडणाऱ्याच्या बाजूने कायदाच उभा असतो.

याचे कारण कायदा जागा होण्याच्या वेळेत आहे. एखाद्या रस्त्याची आखणी होते, सल्लागार नेमला जातो, अंदाजपत्रक होते, निविदा निघते, कार्यादेश मिळतो, ठेकेदाराची यंत्रे येऊन उभी राहतात. त्यानंतर कुणीतरी मोजतो की वाटेत इतकी झाडे येतात, आणि वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज जातो. त्या टप्प्यावर ‘नाही’ म्हणणे म्हणजे शेकडो कोटींचे काम अडवणे. कोणते प्राधिकरण ते करील? मग चर्चा एवढ्यावरच येते की किती तोडायची, किती हलवायची, बदल्यात किती लावायची. झाड राहील की नाही हा प्रश्न आखणीच्या टेबलावर कधीच सुटलेला असतो, आणि त्या टेबलापाशी १९७५चा कायदा बोलावलेला नसतो.

आरेचे प्रकरण पुन्हा एकदा याच बाजूने पाहावे. मेट्रो-३ची कारशेड गोरेगावच्या आरे वसाहतीत करायचे ठरले, त्यावर वर्षानुवर्षे वाद झाला. मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २९ ऑगस्ट २०१९ रोजी २,१८५ झाडे तोडायला आणि ४६१ झाडे हलवायला मंजुरी दिली. ४ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली, तेव्हा सरकारतर्फे सांगण्यात आले की जी तोडायची होती ती तोडून झाली आहेत. २,१४१ झाडे तोपर्यंत आडवी झाली होती. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने कारशेडला स्थगिती दिली, कांजूरमार्गचा पर्याय पुढे आला, तो न्यायालयात अडकला, २०२२ मध्ये कारशेड पुन्हा आरेत आली.

त्या रात्रीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातून कायद्याच्या दृष्टीने निघणारी गोष्ट मात्र साधी आहे. वरच्या न्यायालयात दाद मागण्याचा हक्क असतो. झाडाच्या बाबतीत तो हक्क दोन रात्रींत संपवता येतो. पैशाचा निकाल उलटला तर पैसे परत करता येतात, जमिनीचा ताबाही परत देता येतो. तोडलेल्या झाडाच्या बाबतीत न्यायालयाकडे परत द्यायला काही उरत नाही. म्हणून मोठ्या संख्येने झाडे तोडायची असतील तर उच्च न्यायालयाच्या निकालानंतरही अपिलासाठी ठरावीक काळ करवत बंद राहील, असा स्पष्ट नियम हवा. परवानगीनंतर थांबण्याचे काही दिवस आजही कायद्यात आहेत, पण ते प्राधिकरणाच्या निर्णयापासून मोजले जातात. न्यायालयीन लढाई त्यांच्यानंतर सुरू राहते. आरेतच पुढे आणखी एक प्रकार घडला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ८४ झाडांबाबत प्राधिकरणाकडे अर्ज करण्याची मुभा दिली असताना मेट्रो कॉर्पोरेशनने १७७ झाडांची परवानगी मागितली. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने त्याबद्दल दहा लाख रुपये भरायला लावले, पण १७७ झाडांची तोड होऊ दिली. न्यायालयही त्या टप्प्यावर प्रकल्प थांबवू शकत नाही, हे यातून दिसते.

याच्या शेजारी कांदळवनांचे उदाहरण ठेवा. मुंबई उच्च न्यायालयाने आधी २००५ मध्ये आणि मग सप्टेंबर २०१८च्या सविस्तर निकालाने राज्यभर कांदळवने तोडण्यावर बंदी घातली. सार्वजनिक हिताचे काम असेल तरच, आणि तेही उच्च न्यायालयाची परवानगी घेऊनच, ती तोडता येतात. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी आधी कांदळवनांतली ५३,४६७ झाडे तोडावी लागतील असे ठरले होते. हे प्रकरण डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयात निकाली निघाले, तेव्हा परवानगी २१,९९७ची होती. म्हणजे निम्म्याहून जास्त आकडा आखणीतच कमी झाला. तेच अभियंते, तीच रेल्वे, तीच खाडी. फरक एवढाच पडला की आपल्याला न्यायालयासमोर उभे राहून गरज सिद्ध करावी लागणार आहे, हे प्रकल्पवाल्यांना आधीपासून माहीत होते. बावीस हजार झाडे गेली याचे दुःख आहेच. पण खरोखर विचारले की कागद पुन्हा उघडला जातो आणि रेषा सरकते, हे या एका आकड्याने दाखवून दिले.

सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावातही हे दिसले होते. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या वाटेत चारशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वड येत होता. गावकरी आणि पर्यावरणप्रेमी उभे राहिले, राज्याच्या पर्यावरणमंत्र्यांनी केंद्रीय मंत्र्यांकडे शब्द टाकला आणि २०२० मध्ये रस्त्याची आखणी बदलली. तो वड पुढे २०२२च्या पावसाळ्यात कोसळला. तरीही आखणी बदलता येते ही गोष्ट खोटी ठरत नाही. प्रश्न असा आहे की त्या वडासाठी मंत्र्याला शब्द टाकावा लागला. ज्या झाडाला मंत्री भेटत नाही त्याचे काय? शहरातल्या हजारो झाडांना भेटत नाही.

आता प्राधिकरणाकडे वळतो. वृक्ष प्राधिकरणाचे अध्यक्ष महापालिका आयुक्त असतात, सदस्य नगरसेवक असतात आणि त्यांच्या जोडीला तज्ज्ञ घ्यायचे असतात. अर्जदारांमध्ये बिल्डर असतात, गृहनिर्माण संस्था असतात, पण मोठ्या संख्येने झाडे घेणारा अर्जदार बहुधा महापालिका स्वतः किंवा दुसरी सरकारी यंत्रणा असते. रस्ते विभाग अर्ज करतो, उद्यान विभाग पाहणी करतो, आणि दोन्ही विभागांचे वरिष्ठ असलेले आयुक्त अध्यक्ष म्हणून निर्णय देतात. स्वतःच्याच अर्जावर स्वतःच निकाल देण्याची ही रचना आहे. तिच्यात तज्ज्ञ आणि लोकप्रतिनिधी एवढाच काय तो अटकाव होता. तज्ज्ञ नेमलेच नाहीत म्हणून मुंबईच्या प्राधिकरणाला २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने थांबवले होते. मधल्या एका दुरुस्तीने पंचवीस झाडांपर्यंतचा निर्णय एकट्या आयुक्तांवर सोपवला होता. त्यामुळे मोठ्या कामाचे पंचवीसच्या आत बसणारे तुकडे पाडले जातात, अशी तक्रार न्यायालयात गेली आणि त्या अधिकारालाही स्थगिती मिळाली. त्यानंतर मार्च २०२२पासून मुंबई, पुणे, नाशिक अशा मोठ्या महापालिकांवर प्रशासक आले आणि नगरसेवकच नसलेली वर्षे गेली. मेट्रो, नदीकाठ सुधार, रस्तारुंदी अशी मोठी कामे याच वर्षांत वेगात होती. हरकती घेतल्या गेल्या, सुनावण्या झाल्या; पण ऐकणारा आणि मागणारा एकच होता.

नाशिकमध्ये २०२५च्या हिवाळ्यात तपोवनाचा प्रश्न पेटला तो याच पार्श्वभूमीवर. येत्या कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी सुमारे अठराशे झाडांवर गंडांतर आले आणि शेकडो नाशिककर हरकती घेऊन महापालिकेत गेले. कुंभमेळ्याची तारीख बारा वर्षे आधी माहीत असते. साधुग्राम कुठे, किती जागेत, कोणती झाडे राखून, हे ठरवायला पुरेसा वेळ होता. तरी झाडांचा विचार शेवटच्या टप्प्यावर आला, कारण तो त्याच टप्प्यावर करायची कायद्याने सवय लावली आहे.

परवानगी देताना जो हिशेब होतो, त्याबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. २०२१च्या दुरुस्तीने नियम केला की तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी नवी झाडे लावायची, ती किमान सहा फूट उंचीची असावीत आणि सात वर्षे त्यांची निगा राखावी. ते शक्य नसेल तर झाडाच्या आर्थिक मूल्याएवढी भरपाई द्यायची. जुन्या ‘एकास दोन’ पद्धतीपेक्षा हा हिशेब नक्कीच पुढचा आहे. पण चाळीस वर्षांच्या पर्जन्यवृक्षाच्या बदल्यात शहराच्या वेशीवरच्या टेकडीवर चाळीस रोपे लावली, तर ज्या बसथांब्यावर, ज्या शाळेच्या फाटकाशी, ज्या भाजीवालीच्या डोक्यावर त्या झाडाची सावली होती तिथे काय उरते? एप्रिलच्या दुपारचे ऊन. भरपाई एका वस्तीला मिळते आणि नुकसान दुसऱ्या वस्तीचे होते. शिवाय वय जास्त निघाले तर झाडे जास्त लावावी लागतात आणि हेरिटेजचा दर्जाही लागतो, म्हणून झाडाचे वय कमी दाखवण्यात अर्जदाराचा फायदा असतो. वय खोडाच्या घेरावरून अंदाजाने ठरते, आणि तो अंदाज करणारा माणूस अर्जदाराच्याच संस्थेतला असू शकतो.

पुनर्रोपणाचे समाधानही फसवे आहे. पूर्ण वाढलेले झाड मुळांचा बहुतांश पसारा तोडून, फांद्या छाटून, क्रेनने उचलून दुसरीकडे रोवले जाते. मेट्रो-३साठी हलवलेल्या झाडांपैकी निम्म्याहून अधिक मेल्याचे पाहणीत आढळले. वड-पिंपळ कधी तग धरतात. आंबा, जांभूळ, बहावा यांचा भरवसा देता येत नाही. ‘इतकी झाडे पुनर्रोपित’ असे छापून येते त्या दिवशी कुणी खोटे बोलत नसते, पण तीन वर्षांनी त्या जागी जाऊन मोजणी करण्याचे आणि ती जाहीर करण्याचे बंधन कसोशीने पाळले जात नाही.

झाडाची किंमत रुपयांत मांडण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या एका समितीने केला. पश्चिम बंगालमध्ये जेसोर रोडवरच्या ३५६ झाडांच्या प्रकरणात या समितीने झाडाचे मूल्य वर्षाला ७४,५०० रुपये धरले. त्यातले ४५,००० निव्वळ प्राणवायूचे. शंभराहून बऱ्याच अधिक वर्षांच्या झाडाचे मूल्य कोटीच्या पुढे जाऊ शकते असेही म्हटले. यामागचा हेतू चांगला होता, पण मला हा मार्ग पटत नाही. शहरात माणसे प्राणवायूवाचून मरत नाहीत. ती उन्हाने होरपळतात, पावसाचे पाणी तुंबल्याने अडकतात, धुळीने खोकतात. झाडाचे खरे काम तिथे आहे आणि ते जागेला बांधलेले आहे. एकदा दर ठरला की मोठा प्रकल्प तो दर भरायला तयार होतो. त्याच ३५६ झाडांच्या तोडीला फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची अनुमती मिळाली. मूल्यांकनाने ती वाचली नाहीत. दंडाची गोष्ट वेगळी. ठाण्यात वकिलीला सुरुवात केलेले न्यायमूर्ती अभय ओक सर्वोच्च न्यायालयात असताना, मार्च २०२५ मध्ये त्यांच्या खंडपीठाने ताजमहालाच्या संरक्षित परिसरात बेकायदा तोडलेल्या ४५४ झाडांसाठी प्रत्येकी एक लाख रुपये दंड कायम ठेवला आणि मोठ्या संख्येने झाडे तोडणे माणूस मारण्याहून वाईट असल्याचे सांगितले. बेकायदा तोडीला असाच चाप हवा. परवानगीच्या तोडीला मात्र दंडाचे भय लागू होत नाही.

आणखी एक मरण आहे, त्याला तर परवानगीही लागत नाही. पावसाळ्याआधी आपल्या गल्लीतल्या फुटपाथाचे काम चालू असेल तर उभे राहून पाहा. जेसीबी गटारासाठी चर खणतो. झाडाची अन्न-पाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात, आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. चर बुंध्यापासून हातभर अंतरावरून जातो. मनगटाएवढी, पोटरीएवढी मुळे एका बाजूने साफ कापली जातात, त्यांची पांढरी तोंडे मातीच्या भिंतीत दिसतात. दुसऱ्या दिवशी चरात पाइप पडतो, वर खडी, वर काँक्रीट, आणि पेव्हर ब्लॉक बुंध्याला घट्ट भिडवून बसवले जातात. पाणी मुरायला आळेसुद्धा उरत नाही. वर्ष-दोन वर्षांनी जूनच्या पहिल्या वादळात ते झाड कापलेल्या मुळांच्या विरुद्ध अंगाला, रस्त्यावर पडते. पंचनाम्यात कारण लिहिले जाते ‘सोसाट्याचा वारा’. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी आदेश दिला होता की झाडाभोवतीचे एक मीटर अंतरापर्यंतचे काँक्रीट काढा. आपल्याकडे तर १९७५च्या कायद्यातच इजा म्हणजे तोड असे म्हटले आहे. मग मुळे कापणाऱ्या ठेकेदारावर आणि त्याचे बिल मंजूर करणाऱ्या अभियंत्यावर त्या कायद्याखाली गुन्हा का नोंदवला जात नाही? खोडात खिळे ठोकून क्लासच्या जाहिराती लावणाऱ्यांवर का नाही? पुणे-पिंपरी चिंचवडमध्ये ‘अंघोळीची गोळी’ या संस्थेच्या तरुणांनी ‘खिळेमुक्त झाडं’ मोहिमेत हातोडी-पक्कड घेऊन असंख्य खिळे उपसले. ते कौतुकाचे आहेच. पण जे काम वृक्ष अधिकाऱ्याने कायद्याने करायचे ते मुलांना रविवारी करावे लागते, ही आपली अवस्था आहे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे मी हलके मानत नाही. दर पावसाळ्यात झाड पडून माणसे दगावतात. मोडकळीला आलेल्या चाळीतल्या कुटुंबाला नवे घर हवे असते आणि अंगणातले दोन नारळ त्याच्या आड येतात. मेट्रोने रस्त्यावरच्या गाड्या कमी होतील हेही खरे आहे. आणि खासगी जागेत झाड सांभाळणाऱ्याची अडचण तर आपण ऐकूनही घेत नाही. ज्याने लावले, वाढवले, पानगळ झाडली, त्यालाच एक फांदी छाटायला अर्ज, पाहणी, शुल्क आणि महिनोन्‌महिने फेऱ्या. शेजारी सगळे अंगण फरशीने झाकणाऱ्याला काहीच त्रास नाही. अशाने लोक झाड मोठे होण्याआधीच उपटून टाकतात. पुणे महापालिका सौरऊर्जा, पर्जन्यजल-संधारण आणि गांडूळखत यांसाठी मिळकतकरात सवलत देते. पन्नास वर्षांचे झाड सांभाळणाऱ्याला अशीच भरीव सवलत सर्व महापालिकांनी द्यावी, आणि धोकादायक फांदीचा अर्ज प्रशिक्षित माणसाने पाहून आठवड्याभरात निकाली काढावा. घरमालकाशी कठोर आणि प्रकल्पाशी मऊ असलेला कायदा उलटा करायला हवा.

उलटा म्हणजे नेमका कसा? ब्रिटनमध्ये झाडांच्या संरक्षणाचे आदेश नगररचनेच्या कायद्याखाली निघतात. कुणी तोडायला मागण्याआधीच स्थानिक परिषद एखाद्या झाडाला किंवा झाडांच्या समूहाला संरक्षित ठरवू शकते, आणि नकाशा आखणाऱ्याला ते पहिल्या दिवसापासून माहीत असते. आपल्याकडे नगररचनेचा कायदा १९६६चा आणि झाडांचा १९७५चा, आणि दोघांची कपाटे वेगळी. विकास आराखड्यात रस्ते, शाळा, स्मशाने, दवाखान्यांची आरक्षणे दाखवलेली असतात, झाडे नसतात. मुंबईच्या वृक्षगणनेत २९ लाख ७५ हजारांहून अधिक झाडे नोंदली गेली, स्थानासकट. मग ती माहिती रस्त्याची रेषा मारणाऱ्या अभियंत्याच्या नकाशावर का नसावी? माझी मागणी अशी आहे: वृक्षगणनेतली जुनी झाडे विकास आराखड्याच्या नकाशावर बंधनकारक म्हणून उतरवावीत, कोणत्याही सार्वजनिक कामाची निविदा काढण्याआधी झाडे वाचवणारे पर्याय तपासल्याचा अहवाल जाहीर करावा, आणि महापालिकेच्या स्वतःच्या अर्जांवर निर्णय देणाऱ्या मंडळात आयुक्तांच्या हाताखालचे कुणी नसावे. हे तीन बदल झाले तर दंड किती, रोपे किती, हे वाद आपोआप मागे पडतील.

तोपर्यंत आहे त्या कायद्याने जो एक हक्क आपल्याला दिला आहे तो वापरावा लागेल. आपल्या रस्त्यावरच्या झाडाला नोटीस दिसली की तिचा फोटो काढा, मुदतीच्या आत उद्यान विभागात लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. हरकतीत ‘झाडे तोडू नका’ एवढेच लिहू नका. या कामाची आखणी कोणत्या तारखेला मंजूर झाली, झाड वाचवणारे कोणते पर्याय तपासले, कुणी तपासले आणि ते का नाकारले, हे कागदोपत्री मागा; सुनावणीला स्वतः जा, चार शेजाऱ्यांना घेऊन जा, आणि उत्तर मिळेपर्यंत तोच प्रश्न विचारत राहा.